पावलांचे कागद

"आणि तुमच्या आईचं पत्र," डारिया कोवालचुक म्हणाल्या. "ते सगळ्यात वर ठेवायचं."

मी यादीत शेवटची ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. बाकी सगळं माझ्याकडे होतं. सहा वर्षांची विमानाची तिकिटं, तारखेवार. रोजच्या फोनच्या नोंदी. नेस्टरच्या विम्यावर माझं नाव, माझ्या पेन्शनवर त्याचं. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्याच्या घरावर आम्ही दोघांनी मिळून घातलेल्या पत्र्यांची पावती. मी रक्तपेढीत काम करते. कागद नीट लावणं मला जड जात नाही.

"आई नाही लिहिणार," मी म्हटलं.

डारियाबाई वीस वर्षं परदेशातल्या जोडीदाराला कॅनडात आणण्याच्या अर्जांच्या वकील आहेत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा रोवेना. तुमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, लग्न. ते होत नाही, कारण नेस्टरची बायको अठरा वर्षांपूर्वी निघून गेली तरी कागदावर बायकोच आहे, आणि त्यांच्या देशात घटस्फोट नाही. दुसरी, वर्षभर एका छपराखाली राहून दाखवायचं. त्याला इथला व्हिसा दोनदा नाकारला, आणि तुम्ही आईला टाकून तिकडे वर्ष काढू शकत नाही. राहिली तिसरी. लग्न नाही, एकत्र राहणं नाही, तरी नातं नवराबायकोचं आहे, हे पटवून द्यायचं. तिथे अधिकारी आधी बघतो की घरचे यांना जोडपं मानतात का. तुम्ही आईबरोबर राहता. तिचंच पत्र नसेल तर तो विचारणार, का नाही?"

"मावसबहीण लुईसा लिहील. माझ्या मैत्रिणी लिहितील."

"लिहू देत की. पण आईचं हवं."

मला ते पटत होतं, हीच अडचण होती. रक्तपेढीत एका नमुन्यावर कुणाचा रक्तगट आम्ही कायम करत नाही. दुसरा नमुना वेगळ्या वेळी, शक्यतो वेगळ्या माणसानं घेतलेला लागतो. माझी अख्खी फाईल म्हणजे माझ्याच हातानं घेतलेला पहिला नमुना होता.

घरी आले तेव्हा आई दिवाणखान्यातल्या खोक्याजवळ स्टुलावर बसली होती. विनिपेगमधल्या निम्म्या फिलिपिनो घरांत असतं तसं आमच्याही कोपऱ्यात पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं कायम उघडं असतं. चार-पाच महिन्यांत ते भरतं, जहाजानं इलोइलोला लुईसाकडे जातं, आणि लुईसा ज्याचं त्याला वाटून टाकते. त्यात काय घालायचं, कुणासाठी घालायचं, हे आई ठरवते आणि निळ्या वहीत लिहिते. माझ्याकडे फक्त उचलण्याचं काम.

"काय म्हणाली तुझी वकिलीण?"

"तुझं पत्र हवं म्हणाली. नेस्टर आणि माझ्याबद्दल."

आईनं कॉफीची बरणी टॉवेलात गुंडाळली आणि खोक्याच्या मध्यभागी उभी केली. "विनिपेगला फ्रिज दुरुस्त करणारा कशाला हवाय? दार उघडं टाकलं की सगळं गोठतं."

"आई."

"लग्न झालेला माणूस आहे तो, वेंग." घरात मला वेंग म्हणतात. "दर रविवारी मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. आणि तो तुझ्या नवऱ्यासारखाच आहे असं सही करून देऊ? सरकारला खोटं लिहू?"

"खोटं नको लिहूस."

"मग लिहायला उरतं काय?"

मी बरण्यांचं दुसरं खोकं तिच्या हाताशी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी नेस्टरला सांगितलं. माझी सकाळ म्हणजे त्याच्या जेवणाची वेळ. त्यानं मासा खाता खाता ऐकून घेतलं.

"काकूंच्या मागे लागू नकोस," तो म्हणाला. "त्यांचं बरोबर आहे. मी तरी कुठे सही केली होती?"

तो विषय आमच्यात जुना आहे. घटस्फोट नसला तरी कोर्टाकडून लग्न रद्द करून घेता येतं. २०१८ साली नेस्टर एका वकिलाकडे गेला होता. वकिलानं कागद तयार केले. त्यात लिहिलं होतं, की बायको मनानं अपंग आहे, संसाराला मुळातच लायक नव्हती. नेस्टरनं ते दोनदा वाचलं आणि परत केलं. "मर्लिन चांगली शहाणी होती," तो मला म्हणाला होता. "तिला मी आवडत नव्हतो, एवढंच. तो काही आजार नाही." मी तेव्हा महिनाभर त्याच्याशी तुटक बोलत होते.

"माझ्या वाट्याला सगळी खरं बोलणारीच माणसं आली आहेत," मी म्हटलं.

"मग नशीबवान आहेस," तो म्हणाला आणि काटा बाजूला काढून ठेवला.

शनिवारी आईचा चर्चमधून फोन आला. तिथे नाताळच्या गाण्यांची तालीम चालू होती, तिच्यामागे कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हापुन्हा वाजवत होतं.

"खोकंवाला उद्याच येतोय म्हणे. लुईसाच्या धाकट्याचे बूट राहिलेत. त्याच्या पावलाचा कागद आईस्क्रीमच्या डब्यात आहे. बुटात घालून बघ, बसतो का."

तिकडे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ मारतात आणि तो कागद पत्रातून धाडतात. आई तो कापून दुकानात नेते आणि बुटात सरकवून बघते. बुटाच्या नंबरावर तिचा विश्वास नाही. "नंबर कंपनीचा असतो," ती म्हणते. "पाऊल माणसाचं."

डबा शिवणयंत्राच्या खणात होता. लुईसाच्या धाकट्याचा कागद वरच होता. त्याच्याखाली भाचरं, त्यांच्याखाली एक मोठं पाऊल. डावं. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आणि टोकाला बाहेर वळलेलं. नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. त्या बोटावर एका बेकरीच्या फ्रिजचा काँप्रेसर पडला होता. कडेला त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: नेस्टर, मार्च २०१९.

डब्याच्या तळाशी आणखी एक पुडी होती, पिवळ्या पडलेल्या कागदांची, लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. ती पावलं माझ्या तळहाताएवढी होती. १९७७, ७८, ७९, ८०. आई इथे कोटांच्या कारखान्यात शिवायला आली तेव्हा मी दोन वर्षांची होते. मावशीनं मला वाढवलं आणि सहाव्या वर्षी इकडे पाठवलं. त्या चार वर्षांत मला विनिपेगहून बूट येत, हे माहीत होतं. माप कसं जात असे, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मग मी निळ्या वह्या काढल्या. आजवर मी खोकी उचलली होती, वह्या वाचल्या नव्हत्या. २०१७: नेस्टर, साबणाची एक वडी, मांसाचा एक डबा. म्हणजे शेजाऱ्याला देतात तेवढं. मावशीच्या अंत्यविधीला मी गेले होते तेव्हा आमची ओळख झाली. मावशीचा फ्रिज तोच बघत असे. २०१८: साबण, डबा, कॉफी. २०१९: बूट. २०२०: बूट, सहा बनियन. २०२१: बनियन, लोकरी मोजे, गुडघ्याचा पट्टा. आमच्या आईच्या खोक्याचा एक नियम आहे. चॉकलेट गावाला, कॉफी ओळखीच्यांना, बूट नात्यातल्यांना. अंगात घालायचे आतले कपडे फक्त घरच्यांना. मी रकाने बोटानं खाली खाली वाचत गेले. असा चढता आलेख प्रयोगशाळेत समोर आला असता, तर मी सहकाऱ्याला हाक मारून दाखवला असता.

ते बूट मी नेस्टरच्या पायात पाहिले होते. "लुईसाकडून आले," तो म्हणाला होता. ते खोटं नव्हतं.

आई आली तेव्हा मोठं पाऊल टेबलावर होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाऊल."

"कुणाचं ते कळतंय मला."

"मग विचारतेस कशाला?" तिनं बर्फाळलेले बूट काढले, कोट काढला, कोटाची बाही नेहमीप्रमाणे उलटी करून शिवण तपासली. मग खुर्चीत बसली. "तू कामावर होतीस. लुईसाकडून नंबर घेतला आणि फोन लावला. म्हटलं, बघावं तरी कोण हा. दोन वर्षं माझ्या मुलीशी फोनवर गोड बोलतोय, आणि पहिलं लग्न रद्द करून घ्यायला याला काय होतं? चांगली खरडपट्टी काढणार होते."

"मग?"

"मग तो म्हणाला, काकू, तिला वेडी म्हणून सही द्यावी लागते. ती वेडी नव्हती हो." आईनं कागदाची दुमडलेली कड नखानं सरळ केली. "टाकून गेलेली बाई. तिच्याबद्दल खरं बोलून याला काय मिळणार होतं, सांग. मी काढायची ती खरडपट्टी विसरूनच गेले. म्हटलं, बाबा, एक कागद घे आणि त्यावर पाय ठेव."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, मला हे मान्य आहे."

"मान्य नाहीये?"

"नाही," आई म्हणाली. "पण म्हणून काय त्याला अनवाणी ठेवायचं?"

मी पेन आणि कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "हेच लिही."

"काय?"

"हेच सगळं. मान्य नाही, आणि बूट."

तिला आठ दिवस लागले. तीनदा फाडलं, दोनदा स्पेलिंग विचारलं, मला वाचू मात्र दिलं नाही. डारियाबाईंनी मला त्यांच्या टेबलासमोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मी पुरिता, वय एकोणऐंशी. तीस वर्षं विनिपेगला कोट शिवले. माझ्या धर्माप्रमाणे नेस्टर माझा जावई नाही आणि मी तसं लिहिणार नाही. त्याच्या पावलाचं माप मी २०१९पासून जपून ठेवलं आहे. त्याला बुटांचे दोन जोड पाठवले. २०२०पासून बनियन पाठवते. ती मी परक्या माणसाला पाठवत नाही. माझी मुलगी रोज सकाळी त्याच्याशी बोलते. ज्या दिवशी बोलणं होत नाही त्या दिवशी ती भात करपवते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना तो रोज फोन करून माझ्याकडून व्यायाम करून घ्यायचा आणि मोजताना चुकायचा नाही. तो इथे आला तर बूट घ्यायला बरोबर येईल आणि कागद लागणार नाही."

डारियाबाईंनी पत्र खाली ठेवलं. "सुंदर आहे. फक्त ते 'माझा जावई नाही' एवढं वाक्य... आईंना विनंती करून बघता?"

मी विचार केला. ते वाक्य काढलं असतं तर पत्र जास्त सोयीचं झालं असतं. ते एक वाक्य वाचून अधिकारी फाईल मिटूही शकत होता, आणि मग नेस्टर येणार नव्हता. पुन्हा अर्ज करायला चौथी वाट नव्हती. पण नमुना जसा येतो तसा नोंदवायचा असतो. चिठ्ठीवर खाडाखोड केलेला नमुना मी स्वतः फेकून दिला असता.

"राहू दे," मी म्हटलं. "वह्यांच्या प्रती जोडा. आणि पावलाची."

चौदा महिने गेले. मुलाखतीला नेस्टरला मनिलाला बोलावलं. संध्याकाळी फोनवर तो इतका हळू बोलत होता की मी रेडिओ बंद केला.

"पाऊण तास विचारत होता," तो म्हणाला. "तुझा वाढदिवस, तुझा रक्तगट, काकूंचा कुठला गुडघा. मग ते पत्र बाहेर काढलं. खूप वेळ वाचत होता. मग एकदम विचारलं, तुमच्या बुटाचा नंबर काय?"

"मग?"

"मला आठवेना. मी म्हटलं, साहेब, माहीत नाही. काकू कागदावरून घेतात." तो हसायला लागला. "त्यानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, या तुम्ही आता."

नेस्टर फेब्रुवारीत आला. विमानतळावर आईनं त्याला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पिशवीतून बर्फातले बूट काढले. जुन्या कागदावरून घेतलेले, वर एक बोट जागा ठेवून. ते सैल झाले. आईचा चेहरा उतरला. असं माप तिचं कधी चुकलं नव्हतं.

"थोडे मोठेच बरे, काकू," नेस्टर म्हणाला. "दोन मोजे घालीन."

"शिकवू नकोस मला."

घरी आल्यावर तिनं त्याची बॅग तळघरातल्या खोलीत ठेवायला सांगितली. चर्च काय म्हणेल ते म्हणेल, तोवर तळघर, असं तिचं म्हणणं. रात्री नऊला ती कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते. त्यानंतर घरात कोण कुठे चालतं, याबद्दल तिनं आजवर एक अक्षर विचारलेलं नाही.

रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर तिनं स्वयंपाकघरात जमिनीवर एक कोरा कागद पसरला.

"उभा राहा. मोजा काढ."

"काकू, आता तर मी इथे आहे. दुकानात जाऊन—"

"पाच वर्षांत पाऊल बदलतं. उभा राहा." तिला वाकवेना, म्हणून पेन्सिल तिनं माझ्या हातात दिली.

मी फरशीवर बसले. पाऊल गरम होतं, वाकडं बोट ओळखीचं. मी टाचेपासून सुरुवात केली. वळसा घेताना पेन्सिल जरा आत कलली.

"पेन्सिल सरळ धर," आई वरून म्हणाली. "आत कलली की बूट तोकडा येतो."

मी सरळ धरली.

"आता नाव घाल. आणि तारीख."