आयनं घेतलेलं नाव

आमची आय, बायजा, धवलारीन होती. शेव्याकडच्या गावांत तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. गाण्यात ती आधी घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन लग्नाला बोलवायची, मग जित्यांना. ज्याचं नाव आलं तो घरचा. याहून मोठा पुरावा आमच्याकडे कुणी मागत नाही.

माझा मोठा भाऊ गोवर्धन पुण्याला जाऊन कादंबरीकार झाला. त्याच्या कादंबरीतला पोरगा आमच्याच गावचा, आमच्याच मिठागरातला. फक्त त्याची आई खाडीत बुडून मेलेली. लोकांनी ती दादाचीच कहाणी मानली. पनवेलला त्याचा सत्कार झाला तेव्हा मी आयला घेऊन गेले. अध्यक्ष त्याला पोरका लेखक म्हणाले, बायकांनी डोळे पुसले, आणि आमचा शहाणा मान खाली घालून बसला. मागच्या खुर्चीवरची आय त्याला दिसली होती. मला अजून त्याचा संताप येतो.

परतताना एस्टीत आय म्हणाली, "चंद्रे, मी मेली काय गो?"

"गोष्ट आहे ती, आय."

"लोकांचा रडना तं खरा व्हता."

त्यानंतर दादा घरी फिरकला नाही. धाकट्या जयदेवचं लग्न ठरलं त्या वर्षी खाडीत बंदराचा भराव पडू लागला होता, मिठागरं गेली होती. दादा हळदीला आला तो पार खंगलेला. म्हणाला, "चंद्रा, लिहायला बसलो की ती बुडालेली बाईच दिसते. आय माझं नाव घेईल ना?"

"तिलाच विचार," मी म्हटलं.

त्यानं विचारलं. हळद कुटता कुटता आय म्हणाली, "घेईन की. माझ्या पोटचा हायेस."

दादा मांडवात पुढेच बसला. आयनं आजाला बोलावलं, नामाला. मग आमच्या बापाला, गोटीरामला. मग पाळण्यातच गेलेल्या सखूला. आणि त्याच सुरात, "ये रं माझ्या गोवर्धना."

दादा हसला. त्याला वाटलं, जित्यांची पाळी आली. बाजूच्या म्हाताऱ्यांचे हात मात्र हळदीतच थांबले. आयनं श्वास घेतला आणि जित्यांना बोलवायला सुरुवात केली. पहिलं नाव जयदेवचं आलं, दुसरं माझं. दादाचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना. तो उठला, चपला हातात घेऊन निघाला. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

गाणं संपल्यावर आयनं रीतीप्रमाणे पितरांचं पान वाढून कुडाशी ठेवलं. भात, तांदळाची भाकर, खाडीतलं बोईट. माशातला एकेक काटा तिनं आधीच काढून टाकला होता. असा मासा आमच्या घरात फक्त दादाला लागायचा.