उजवीकडे तोंड असलेली गोगलगाय

टप्पकन आवाज झाला. बरणीच्या झाकणाला चिकटलेली गोगलगाय खाली पडली होती. मी दचकून पाळण्याकडे पाहिलं. बाळाचे ओठ तेवढे हलले, झोप मोडली नाही. थोरली लेटी तान्ही असताना तिच्या अशाच झोपांमधून चोरून चोरून मी गोगलगायींवरचं अख्खं पुस्तक लिहिलं होतं, चित्रांसकट.

समोर डब्लिनच्या प्रकाशकाचं पत्र होतं. कुणा प्राध्यापकांनी मासिकात लिहिलं होतं, ‘बाईंना डावं-उजवं कळत नाही, त्यांच्या पुस्तकातल्या गोगलगायीच्या शंखाचं तोंड डावीकडे!’ म्हणून दुसऱ्या आवृत्तीत चिठ्ठी चिकटवायची: ‘ही चूक लेखिकेच्या अज्ञानाची, क्षमस्व.’ पत्रासोबत आलेल्या त्या चिठ्ठीवर सही केली तरच आवृत्ती, नाहीतर पुस्तक संपलं.

माझं अज्ञान! माझं मूळ चित्र इथं टेबलावर आहे, तोंड उजवीकडेच. लाकडी ठशावर चित्र उलटं कोरतात, तेव्हा कुठं कागदावर सुलट उमटतं. प्रकाशकाच्या माणसानं ते होतं तसंच कोरलं, म्हणून छापलं गेलं उलटं. प्रकाशकाला हे ठाऊक आहे, त्यानंच लिहिलंय: ‘पण ते आमच्याकडे तीस वर्षं असलेले कारागीर, आणि आपण...’ पुढं नुसते ठिपके. त्या ठिपक्यांनी माझं डोकं फिरलं.

“करून टाक सही,” ॲम्ब्रोज बूट चढवत म्हणाला. माझा नवरा तसा भला माणूस. “एवढीशी चिठ्ठी, वाचतंय कोण?”

“ते प्राध्यापक वाचतील. वर चार जणांना वाचून दाखवतील.”

“अगं, एका गोगलगायीपायी एवढा संताप?”

“हळू बोल, बाळ उठेल. आणि हो, गोगलगायीपायीच! तुझ्या घोडीला कुणी शेपटीच्या जागी तोंड काढलं असतं, तर बंदूक घेऊन धावला असतास.”

तो हसत हसत बाहेर पडला. जणू मी विनोद केला होता.

मी टाक बुडवला. नावाचं पहिलं अक्षर इतकं दाबून काढलं की निबच फाकली.

तेवढ्यात टेबलाखालून लेटी निघाली, कोपरापर्यंत चिखल. पाच वर्षांची पोर, सगळं ऐकत बसली होती. मुठीतली गोगलगाय तिनं माझ्या चित्राशेजारी ठेवली.

“आई, हिचं तोंड इकडे. चित्रातलीचं पण इकडेच.”

“हो गं, राणी.”

“म्हणजे तुझं चित्र बरोबर?”

“अगदी बरोबर.”

तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्या शाईनं माखलेल्या बोटांकडे.

“मग तू माफी कशाची मागतेस?”