ऊसात ये गो बाये

ज्येष्ठात त्या बेटावर थंडी उतरते. मॉरिशसच्या नैऋत्य किनाऱ्यावर उसाला तुरे येतात. रुपेरी, मृदुल, वाऱ्याच्या एका निःश्वासाने नतमस्तक होणारे तुरे. डोंगराच्या निळ्या पायथ्यापासून सागराच्या हिरव्या काठापर्यंत तो शुभ्र संभार हेलकावत राहतो. सायंकाळी त्यावरून तिरपे ऊन वाहू लागले, की जमीन कुठे सरली आणि पाणी कुठे सुरू झाले, ते नवख्या डोळ्यांना कळत नाही.

मैथिली शिगवणचे डोळे नवखे होते. एक पाठपिशवी, एक लॅपटॉप, एक मायक्रोफोन आणि कानांवर चढवायचे काळे हेडफोन, एवढ्याच ऐवजानिशी ती त्या गावात आली होती. जानकी भिवाजी नावाच्या बाईंच्या घरावरची खोली तिने भाड्याने घेतली होती, आणि खोलीला समुद्राकडे उघडणारी खिडकी होती.

तिचा उद्योग आवाजांचा. दूरदूरच्या नगरांत कुणी कुणी पुस्तके मोठ्याने वाचत. त्यांची ध्वनिमुद्रणे आकाशमार्गे तिच्याकडे येत. आणि ती त्यांना निर्मळ करी. खुर्चीची करकर काढी, खोकला काढी, रस्त्यावरचा कर्णा काढी. दोन वाक्यांच्या मधला श्वाससुद्धा ती फुलाच्या देठावरची मुंगी झटकावी तशी अलगद झटकून टाकी. मागे उरे तो केवळ शब्द. अखंड, अम्लान, अथक शब्द.

पुण्यातला संसार मोडला तेव्हा तिने घराची किल्ली परत केली आणि काम पाठीवर घेतले. मग बेटांमागून बेटे झाली. प्रवाळांची बेटे, ज्वालामुखींची बेटे, लवंगांच्या वासाने भारलेली बेटे. नीलमण्यासारख्या खाड्यांकाठी, माडांच्या झुलत्या छायेत तिने काम केले; सुख नव्हते असे नाही. पण चहावाल्याला तिचे नाव पाठ झाले, शेजारणीने डाळीची वाटी पुढे केली, की मैथिलीचे मन पिशवीच्या बंदाकडे वळे. ती निघे.

संगमेश्वराजवळच्या खेड्यात तिची आई होती. आई फोनवर एकच विचारी, “कधी येत्येस?” मैथिली दर वेळी विषय बदली, आणि फोन आखूड होत गेले, आणि मग विरळ.

*

जानकीबाईंचे पूर्वज कुण्या काळी रत्नागिरीच्या बाजूने गलबतात बसून उसाच्या मजुरीला इथे आले. पिढ्या उलटल्या. जिभेवर बेटाची क्रिओल भाषा रुळली, आणि मराठी सरकत सरकत लग्नातल्या गाण्यांत जाऊन बसली. स्वतः जानकीबाईंनी तरुणपणी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिले होते. चार मोडके मराठी शब्द त्यांनी मैथिलीसाठी जणू ट्रंकेतून काढले, झटकले, आणि हळूहळू वापरायला घेतले.

एका दुपारी त्या जिना चढून वर आल्या. हाताने गळा चाचपत खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

“पोरी, इथं गाठ हाय. डाक्टर कापनार. आवाज ऱ्हाईल का जाईल, त्याला बी ठावा नाय.”

मैथिलीने हेडफोन खाली ठेवले.

“माझ्या भाचीचा लगीन हाय. हळदीचा गाना मीच बोलते. माझी आय बोलायची, तिची आय बोलायची. आता नाय बोलता आला तर?” त्यांनी मायक्रोफोनकडे बोट दाखवले. “तुझ्या मशीनमदी घालशील?”

“घालते, मावशी. बसा.”

खिडकी लावायची तिची सवय. पण त्या दिवशी गडबडीत ती उघडीच राहिली. जानकीबाईंनी पदर सावरला, डोळे मिटले, आणि गळ्यातल्या गाठीच्या पलीकडून एक स्वर वर आला. रापलेला, खारा, किंचित चिरलेला. तरी अंधाऱ्या विहिरीतल्या पाण्यासारखा आतून चमकणारा.

*ऊसात ये गो बाये, ऊसात ये…*

पुढची अक्षरे झिजली होती. पिढ्यांच्या ओठांवरून घरंगळत शब्द नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत झाले होते; नाद उरला होता, अर्थ वाहून गेला होता. मैथिलीला तेवढी एकच ओळ उमगली.

गाणे थांबल्यावर जानकीबाईंनी विचारले, “काय हाय त्यात? जन्मभर बोलले. अर्थ नाय ठावा. ऊस तेवढा समजतो. आमी ऊसवालेच.”

“बाई, उसात ये, असं कुणीतरी बोलावतंय. पुढचं मला कळत नाही, मावशी.”

त्यांचा चेहरा उतरला नाही. फक्त त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. आणि त्या पाहण्यात जे होते, ते मैथिलीला सोसवेना. ज्या गळ्यावर शस्त्र चालायचे, त्या गळ्याला आपण काय गायलो ते कळू नये, हे तिला अन्यायाचे वाटले. तिने फोन उचलला. बोट क्षणभर अडखळले. मग तिने आईचा नंबर लावला.

*

कोकणात तेव्हा सांज व्हायला आली होती. पडद्यावर आधी छप्पर दिसले, मग दोरीवरचे वाळते लुगडे, मग आईचे कपाळ.

“मैथिली? बरी हायस ना?”

“बरी आहे गो आये. एक गाणं ऐकशील?”

तिने ध्वनिमुद्रण लावले. समुद्रापार गेलेला तो सूर समुद्र ओलांडून परत कोकणात उतरला. आईने मान तिरकी केली. तिचे ओठ आधी थरथरले, मग हलू लागले.

“अगो, ह्ये तर आमच्या जात्यावरचा गाना,” ती म्हणाली. “पर ऊसात न्हाय ता. आमच्याकडं कुठला ऊस? उसंत. उसंत घे, असा हाय.” आणि पडवीत उभ्या उभ्याच, संकोच न करता, ती गाऊ लागली.

*उसंत घे गो बाये, उसंत घे,*
*हंडा टेक जोत्यावर, वारा घे.*
*वाट कुठं जात नाय, दम घे…*



मैथिलीने जानकीबाईंसाठी एकेक शब्द सोपा केला. पाणी भरून थकलेली बाई आहे. तिला दुसरी बाई सांगते आहे, की डोक्यावरचा हंडा उतरव, घराच्या ओट्यावर टेकव. क्षणभर थांब. तुझी वाट कुठे पळून चालली नाही.

जानकीबाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. मैथिलीला वाटले त्या रडताहेत. आणि त्या रडतही होत्या, पण आधी हसत होत्या.

“आय म्हनत होती, बस,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आन् आमी उसात जात ऱ्हायलो.”

आईला ते ऐकू गेले. तीही हसली. एका तीरावरची मिठाने रापलेली बाई आणि दुसऱ्या तीरावरची भाताच्या चिखलात वाढलेली बाई, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, पडद्याच्या इवल्या चौकटीत एकमेकींकडे बघत राहिल्या.

“ताई, तुमचा नाव काय?” आईने विचारले.

“जानकी.”

“माजा सुभद्रा. गला बरा करून घ्या. माझी पोर हाय तिथं.”

मैथिलीने मान वळवली. आपण कुठेतरी आहोत, आणि कुणासाठी तरी आहोत, हे इतक्या साध्या शब्दांत तिला कित्येक ऋतूंत कुणी सांगितले नव्हते. ज्या वाटांवरून ती पळत आली, त्या साऱ्या वाटा तिला या खिडकीपर्यंतच आणत होत्या, असे तिला वाटले. आणि कुणाचे आभार मानावेत ते न कळून तिने नुसतेच हात जोडले. बेटांना, आवाजांना, झिजलेल्या शब्दांना, आईला.

आईने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तेव्हा मैथिलीच म्हणाली, “मावशींच्या घरचं लग्न झालं की येते गो आये.”

“ये सावकाश,” आई म्हणाली. “वाट कुठं जात नाय.”

दुसऱ्या दिवशी ती ते ध्वनिमुद्रण निर्मळ करायला बसली. त्यात लाटा होत्या, आवारातला कोंबडा होता, गळ्यातली खरखर होती. आणि ओळी-ओळींच्या मध्ये जानकीबाईंचे श्वास होते, लांब, कष्टी, जिवंत. बोट लॅपटॉपच्या कळीवर ठेवून ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मग तिने त्यातले काहीच काढले नाही.

*

गाठ निघाली. जीव राहिला. आवाज मात्र कुजबुजीएवढाच उरला. वाळलेल्या पानावरून वाळूचा कण सरकावा, तेवढा.

तेवढाच आवाज घेऊन जानकीबाई रुग्णालयातून घरी आल्या, तेव्हा त्यांनी त्याला दोष दिला नाही. शेजारच्या लेकीसुनांना अंगणात बसवून त्यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकवले, आणि मैथिलीने त्यांना सुभद्राबाईंच्या ओळी शिकवल्या. एका तरुणीने शंका काढली, की हळदीला आता खरे गाणे म्हणायचे की आपले?

जानकीबाईंनी हाताने सगळ्यांना जवळ बोलावले. कान त्यांच्या ओठांशी आले.

“दोनी,” त्या कुजबुजल्या. “आपली मानसं उसात गेली, त्ये बी खराच.”

हळदीच्या दिवशी मांडवात केळीचे खांब उभे राहिले. पिवळ्या पातळांची, पिवळ्या हातांची, पिवळ्या उन्हाची नुसती दाटी झाली. नवरीच्या गालाला पहिले बोट जानकीबाईंनी लावले, आणि बायकांनी सूर धरला: आधी उसाचा, मग उसंतीचा. मैथिलीच्या फोनमधून संगमेश्वरची एक बाई त्यांच्यात मिसळून गात होती. जानकीबाई गात नव्हत्या. त्या ओठ हलवत होत्या, आणि तृप्त होत्या.

मैथिलीला कुणीतरी हात धरून त्या घोळक्यात बसवले. तिच्याही कपाळाला हळद लागली. तिने ती पुसली नाही.

मांडवाच्या पलीकडे सागर होता. प्रवाळाच्या बांधावर फेसाची पांढरी रेघ मावळली होती. भरती सरली होती, ओहोटी अजून निघाली नव्हती. एक होडी आपल्याच सावलीवर टेकून उभी होती. पाणी ना येत होते, ना जात होते. ते नुसते होते, सोन्याचे, निवांत, काठोकाठ.