साबणाने न्हालेलं करडू

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. फुलांची नव्हे, भाजीची तर मुळीच नव्हे. अंगणात उपडी घालून कोंबड्या झाकायची मोठी बांबूची टोपली. कुणी मला डालगं म्हणतं, कुणी आणखी काही. मला काहीही म्हणा, पण माझ्याजवळ आलात की नाकाला रुमाल लावू नका. वास येतो म्हणे! येणारच. जिने आयुष्यभर कोंबड्या आणि करडं पोटाशी धरली, तिला काय अत्तराचा वास येणार?

बुरूडकाम करणाऱ्या एका बाईने मला विणलं. तिची बोटं चिरलेली होती आणि तोंडात सतत तंबाखू होती, पण हात असा बसलेला की एकही काडी सैल नाही. वसईच्या बाजारात ती मला घेऊन बसली होती. तिथे जिजा आली. तेव्हा जिजाचे केस काळेभोर होते. तिने मला उपडी घातलं, वर दोन्ही हात रेटून सगळा भार दिला आणि म्हणाली, "हीच घेते. हिच्यावर बकरी चढली तरी मोडायची नाय." आणि खरंच सांगते, पुढे बकऱ्या चढल्या. एकदा सोडून शंभरदा चढल्या. मी मोडले नाही.

जिजा आणि तिचा नवरा काशीराम यांची वाडी खाडीच्या बाजूला. थोडी केळी, थोडं अळू, विहीर, मागच्या बाजूला बकऱ्यांचा मांडव आणि कोंबड्या तर काय, सगळीकडेच. कुंपणापलीकडे नॅन्सीचं घर. तिच्याकडेही कोंबड्या, बकऱ्या. दोन्ही घरांच्या कोंबड्या दिवसभर एकमेकींच्या अंगणात उकरत असायच्या आणि संध्याकाळी मात्र आपापलं घर बरोब्बर ओळखायच्या. अपवाद एका लाल कोंबडीचा. ती रोज नॅन्सीच्या पेरूवर जाऊन बसायची. मग नॅन्सी तिला काखेत मारून कुंपणाशी यायची आणि हाक द्यायची, "ओ जिजावैनी, तुमची पोरगी आली गो माझ्याकडं वस्तीला!"

दिवस मावळला की जिजा "तिऽ तिऽ तिऽ" करत मूठभर कण्या टाकायची आणि पिलांवाली कोंबडी माझ्याखाली यायची. वर एक जडसा दगड. मुंगसाने कितीदा माझा काठ उचलायचा प्रयत्न केला! मी जमिनीला जी चिकटून बसायचे, ती बसायचेच. दिवसा बकऱ्या चरायला गेल्या की करडं माझ्याखाली. ती इकडे तिकडे भरकटू नयेत, कुत्र्याच्या तोंडी लागू नयेत, म्हणून. ती बेंबें करून माझं डोकं उठवायची, माझ्या काड्या चावायची. चावू दे म्हणायचे मी. पोरंच ती.

एक गोष्ट मात्र मला कधी आवडली नाही. पाहुणे यायचे असले की सकाळीच एखादा कोंबडा माझ्याखाली वेगळा ठेवायचे. बिचारा मोठ्या ऐटीत आरवायचा. त्याला वाटायचं, आज आपला मान वाढला. मला ठाऊक असायचं, त्याला नसायचं. दुपारी चुलीवरून रश्श्याचा वास यायला लागला की मी अंगणात रिकामी पडलेली असायचे. वाईट वाटायचं हो. रीत आहे, चालायचंच, पण वाटायचं. आणि ते लोक म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही? अहो, मला विचारा! इतकी वर्षं मी कोंबडी झाकते आहे, एकदाही उजाडायचं राहिलं नाही.

मग माझे दिवस फिरले. जिजाच्या मुलाने, हरेशने, तारेच्या जाळीचा पिंजरा आणला. त्याला दार, दाराला कडी, आत दोन खण. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मांडवामागे टाकलं आणि माझ्यात नारळाच्या सोडणांचा ढीग भरला. उपडी असलेली टोपली सुलटी केली की तिचं आयुष्य संपलं म्हणून समजावं. कोंबड्या तेवढ्या मधूनमधून येऊन अंडं घालून जायच्या. त्यांचा माझ्यावर जीव होता.

त्याच वर्षी हरेशचं लग्न झालं आणि स्वप्नाली घरात आली. तिचं माहेर चंदनसारला, बिल्डिंगमध्ये. वडील नोकरीवाले. घरात कुंडीतली तुळस तेवढी, जित्राब म्हणून काही नाही. पहिल्या दिवशी मांडवाशी आली तेव्हा तिने नाकावर ओढणी धरली होती. मला राग आला, खोटं का बोलू? पण पोरगी मनाची गोड. महिनाभरात तिने प्रत्येक कोंबडीला नाव ठेवलं. आणि चांदी नावाची जी पांढरी बकरी होती, तिच्याशी तर ती तासन्‌तास बोलत बसायची. चांदी गाभण होती. स्वप्नाली तिला केळीची सालं भरवायची आणि विचारायची, "काय गं, आज बरं वाटतंय ना तुला?" चांदी सालं खायची आणि तिच्या ओढणीचं टोकही खायची.

थंडीचे दिवस होते. जिजाच्या लेकीला तुळिंजला मुलगा झाला होता, त्याचं बारसं होतं. जिजा, काशीराम सकाळीच निघाले. हरेश कामावर गेलेला. घरात बकरी गाभण, म्हणून स्वप्नाली मागे राहिली. "अजून वेळ हाय गो तिला," असं जिजा जाताना म्हणाली होती. पण बकरी काय कुणाचं ऐकते? जिजा गेली आणि चांदीला कळा सुरू झाल्या.

स्वप्नालीने फोन लावला. पलीकडे बारशाची गाणी, बायकांचा गलका. त्या गलक्यात जिजा ओरडून सांगत होती, "घाबरू नको! बकरीला आपलं आपन समजतं. तू नुसती जवळ ऱ्हा!" पोरगी चांदीजवळून हलली नाही. काळं करडू जन्मलं. चांदी त्याला चाटायला लागली. तेवढ्यात दुसरं आलं, भुरं. ते नेमकं पाण्याच्या कुंडीजवळच्या चिखलात पडलं. चांदी काळ्याला चाटण्यात गुंग. भुरं चिखलात लडबडून कुडकुडत होतं.

आता तुम्ही सांगा, आपल्याकडे बाळ जन्मलं की काय करतात? न्हाऊ घालतात. स्वप्नालीने तेच केलं. तिने पाणी तापवलं. बारशाच्या आहेरासाठी बाळाचे साबण आणले होते, त्यातला एक घरात उरला होता. त्या वासाच्या साबणाने तिने भुऱ्या करडाला चोळून चोळून आंघोळ घातली. आपल्या ओढणीने पुसलं. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी दिली. वर कपाळाला काजळाची तीटसुद्धा लावली! मी मांडवामागून बघत होते. अगं बये, नको, नको, असं ओरडावंसं वाटलं, पण टोपलीचं कोण ऐकतं?

मित्रांनो, बकरी आपलं पोर डोळ्यांनी ओळखत नाही. ती वासाने ओळखते. जन्मल्यावर चाटते, तेव्हाच तो वास तिच्या मनात बसतो. स्वप्नालीने भुऱ्याला मोठ्या प्रेमाने चांदीपुढे ठेवलं. चांदीने हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि अशी ढुशी मारली की ते कोलमडून पडलं. स्वप्नालीने परत उभं केलं. परत ढुशी. काळं करडू पोटभर चीक पीत होतं आणि भुरं जवळ गेलं की मार खात होतं. दुपार कलली तसं त्याचं ओरडणं बारीक झालं. पोरीच्या लक्षात आलं की आपल्या हातून काहीतरी भलतंच घडलंय.

संध्याकाळी जिजा घुगऱ्यांचा डबा घेऊन परतली. करडाच्या कपाळावरची तीट बघून ती हसत सुटली. हसता हसता खालीच बसली. "अगो बाय, हिकडं पन बारसं केलंस काय तू!" आणि तेवढ्यात चांदीने ढुशी मारली. जिजाचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने करडाला उचलून हुंगलं.

"आई, मी मारलं का हो त्याला?" स्वप्नाली हुंदके देत होती.

"अजून मेलंय कुठं? रडायला मागनं पुष्कळ वेळ हाय. आधी तिची शिंगं धर."

स्वप्नालीने शिंगं धरली. जिजाने चीक काढला आणि कापसाच्या वातीने करडाच्या तोंडात पिळला. थोडा आत गेला, बराचसा बाहेर आला. काशीरामने बाटलीचं बोंडलं लावून बघितलं, ते तर करडू तोंडातच घेईना. काशीराम मान हलवून म्हणाला, "वातीवर किती दिस तगंल ते? आयशीनं घ्याया पायजे."

मग जिजाने जुना उपाय केला. करडाच्या अंगाला मीठ चोळलं. मीठ चाटता चाटता बकरी पोराला आपलं म्हणते, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. चांदीने मीठ आवडीने चाटलं. सगळं चाटून झालं, खालचा साबण नाकाला लागला आणि पुन्हा ढुशी! खाल्ल्या मिठाला जागायची नाही बया. शेवटी दोन्ही करडं हरेशच्या पिंजऱ्यात दोन खणांत वेगवेगळी ठेवली.

गलका ऐकून नॅन्सी कुंपणाशी आली. तिने सगळं ऐकून घेतलं. "सायबा! अगो, पण त्या पिंजऱ्यात दोघांना वेगळ्या खणात कशाला ठेवताय? एकत्र कोंबा. भावाचा वास भावाला लागूं दे. तुमची ती जुनी टोपली कुठं गेली, जिजावैनी?"

ऐकलंत? माझं नाव निघालं! आणि मला आणायला कोण धावलं? स्वप्नाली. तिने सोडणं भराभर उपसली, मला उचलून थेट डोक्यावर घेतलं आणि तशीच मांडवात आणली. तिचं नाकाकडे लक्षच नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चांदीच्या अंगाखालचं ओलं गवत तिने आपल्या हातांनी गोळा केलं, खाली पसरलं, त्यावर दोन्ही करडं ठेवली आणि मला उपडी घातलं. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात ऊब आली. भुरं थंडीने आणि भुकेने लटपटत होतं. ते काळ्याच्या पोटाखाली शिरलं. काळं जरा कुरकुरलं, मग तेही निजलं. मी काठ जमिनीला टेकवून बसले आणि आतल्या आत म्हणत राहिले, जग रे बाबा, जग.

उजाडलं. मला उचललं. भुरं जिवंत होतं, पण उभं राहताना पाय फाकत होते. चांदीने काळ्याला हुंगलं. मग भुऱ्याला हुंगलं. पुष्कळ वेळ हुंगलं. चांदीने ढुशी मारली नाही, पण कासही दिली नाही. तोंड फिरवून बाजूला झाली.

"नायतर नाय," जिजा म्हणाली. "धर शिंगं, सूनबाय."

तेव्हापासून तेच सुरू झालं. स्वप्नाली शिंगं धरायची, जिजा भुऱ्याला कासेला लावायची. पिऊन झालं की दोन्ही करडं माझ्याखाली. थोड्या वेळाने पुन्हा शिंगं, पुन्हा कास, पुन्हा मी. चांदीने स्वप्नालीला लाथा मारल्या, तिच्या हाताला शिंग लागलं, तिचा पाय तुडवला. पोरगी हटली नाही. जिजाचा बकऱ्यांच्या कामाचा जुना गाऊन तिने चढवला तो उतरवलाच नाही. वासाचा साबण तर तिने स्वतःलाही लावायचा सोडला. हरेश एकदा हसून म्हणाला, "तुला पण आता टोपलीखालीच ठेवायला पाहिजे." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप चारा आणायला गेला. भुऱ्याच्या अंगावर हळूहळू मांस चढत होतं, पण चांदी मनाने काही त्याला घेत नव्हती. शिंगं सोडली की ती निघाली.

आणि एके दुपारी जिजा आत भाकरी थापत होती. स्वप्नाली एकटीच मांडवात बसली होती. एका हाताने शिंग धरलेलं, दुसरा हात पिणाऱ्या भुऱ्याच्या पाठीवर. दमली होती हो पोरगी. तिचा डोळा लागला आणि शिंगावरचा हात गळून पडला. मी मनात म्हटलं, आता बसते ढुशी!

चांदीने मान वळवली. भुऱ्याची शेपटी हुंगली. आणि जीभ काढून त्याला चाटायला लागली, आधी शेपटी, मग पाठ. पाठीवर स्वप्नालीचा हात होता. चांदीने तोही हुंगला, क्षणभर थांबली आणि मनगटापासून बोटांपर्यंत तोही चाटला. मग पुन्हा करडू, पुन्हा हात. तिला त्यांच्यात काही फरक वाटत नव्हता.

स्वप्नाली जागी झाली, पण हलली नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पिठाच्या हातांनीच जिजा दारात येऊन उभी राहिली. हे बघून ती वाडीत काशीरामला ऐकू जाईल अशी मोठ्याने ओरडली, "अवो, लवकर या! चांदीला तिसरं पोर झालं!"

मित्रांनो, म्हातारीचं ऐकणार असाल तर एवढंच सांगते. नुकतं जन्मलेलं पिल्लू दिसलं तर जीव कितीही कळवळू दे, त्याला त्याच्या आईला चाटू द्या. आणि मायेपोटी कुणाच्या हातून चूक झाली, तर त्याला बोल लावून मांडवाबाहेर काढू नका. शिंगं धरायला बोलवा. आता बोलणं पुरे. माझा काठ एका बाजूने उसवलाय, तो कुणीतरी काथ्याने बांधून द्या. करडं मोठी झाली आहेत, माझ्यावर चढून उड्या मारतात आणि मला अजून पुष्कळांना झाकायचं आहे.