साहेब झोपेतून उठल्यावर

मी भोसरीतल्या एका भाड्याच्या खोलीच्या दारावरची पाटी बोलतेय. जरा जवळ या आणि चपलांचा आवाज करू नका. आत माणूस झोपलाय, त्यामुळे मला हळूच बोलावं लागतं.

आधी माझ्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. वर ठळक अक्षरात, ‘नागसेन साहेबराव ओव्हाळ, मॅनेजिंग डायरेक्टर’. खाली बारीक अक्षरात, ‘भेटण्याची वेळ : साहेब झोपेतून उठल्यावर’. हसलात ना? सगळेच हसतात. कुरिअरवाला हसतो, गॅसवाला हसतो, मतदारयादी घेऊन आलेल्या बाई तर तोंडाला पदर लावून हसल्या. दहा बाय बाराची खोली आणि आत म्हणे मॅनेजिंग डायरेक्टर! मला मात्र त्या खालच्या ओळीचं कधी हसू आलं नाही.

माझा जन्म दहा वर्षांपूर्वी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाला. प्रॅक्टिकल संपल्यावर उरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा कोपऱ्यात पडून होता. शेवटचं सेमिस्टर चालू होतं. मुलांनी वर्कशॉपच्या सोपानराव सरांना मस्का लावून तो मागून घेतला. कल्पना गणराजची. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, ज्याचं किंवा जिचं नाव निघेल त्या माणसासाठी दारावरची पाटी करायची. दहा वर्षांनी हा माणूस कोण झालेला असेल, ते तिच्यावर लिहायचं. दहा वर्षांनी सगळ्यांनी आपापली पाटी घेऊन इथेच जमायचं, आणि ज्यानं लिहिलेलं भविष्य साफ चुकलं त्यानं वर्कशॉप झाडायचं.

मग काय, पोरांना ऊत आला. गणराजच्या पाटीवर आलं, ‘आमदार. काम होईल, उद्या या’. वर्षालीच्या नोट्सवर अख्खा वर्ग पास होत होता, तिला मिळालं झेरॉक्सचं दुकान. दर महिन्याला नव्यानं प्रेमात पडणाऱ्या ज्ञानेशला मिळालं विवाह जुळवणी केंद्र, खाली टीप, ‘मालकांचे अजून जुळायचे आहे’.

श्रद्धा नावाच्या मुलीनं नागसेनची चिठ्ठी उचलली. वर्कशॉपमध्ये ठोकायचे पंच फक्त इंग्रजी अक्षरांचे होते. ती म्हणाली, “मराठी माणसाची पाटी मराठीतच होणार.” तिनं पेन्सिलीनं अक्षरं रेखली आणि सेंटर पंच धरून हातोडीनं एकेक ठिपका ठोकत गेली. दोन दिवस लागले तिला. नागसेन पहिल्या तासाला मान टाकायचा तो जेवणाच्या सुट्टीलाच उठायचा, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्यामुळे खालची ओळ सुचायला तिला काही त्रास पडला नाही.

पाट्या वाचून दाखवल्या तेव्हा सगळ्यात जास्त हशा मला मिळाला. मी नवी होते, चकचकीत होते, मला वाटलं आपण फार मोठी बाजी मारली. नागसेनही हसला. म्हणाला, “राव, निदान डायरेक्टर तरी केलंस.” त्यानं श्रद्धासाठी केलेली पाटी मग सगळ्यांना दाखवली. योगायोगानं त्याला तिचीच चिठ्ठी आली होती. त्यानं लिहिलं होतं, ‘श्रद्धा, प्लँट हेड. आत या, ओरडणार नाही’.

आठवड्याभरानं चाकणच्या एका कंपनीचे साहेब मुलाखती घ्यायला आले. प्राचार्यांनी त्यांना आधी वर्कशॉप दाखवलं. टेबलावर आम्ही पाट्या मांडलेल्याच होतो. साहेब एकेक वाचत पुढे सरकले, माझ्यापाशी आले आणि खळखळून हसले. “हे महाशय आहेत का आज मुलाखतीला?” असं विचारून ते मला हातात घेऊनच गेले. दाराशी उभी असलेली श्रद्धा केवढी फुलली होती!

नागसेन आत आला तेव्हा मी टेबलावर होते, त्याच्याकडे तोंड करून.

“काय ओव्हाळ, वर्गात झोपता म्हणे तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

नागसेननं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, पण शर्टाची इस्त्री कडक होती. उत्तर त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं आणि ते त्यानं गिळलेलंही दिसलं. “हो सर, लागतो कधी कधी डोळा.”

“आमच्याकडे तीन शिफ्ट चालतात. झोपाळू माणूस आम्हाला कसा चालेल, तुम्हीच सांगा.”

त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे साहेब हसले. पुढे एकही प्रश्न झाला नाही. नागसेन उठला, “थँक यू सर” म्हणाला आणि हळूच विचारलं, “ही घेऊन जाऊ का सर?” मग मला छातीशी धरून बाहेर आला. संध्याकाळी यादी लागली, तिच्यात श्रद्धाचं नाव होतं. त्यानं तिचा हात हातात घेऊन जोरात हलवला. “अभिनंदन, प्लँट हेड.”

त्यानं काय गिळलं, ते मला त्याच्या घरी गेल्यावर समजलं. त्याचे वडील साहेबराव जालन्याकडून आलेले. चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे पत्रा कापायच्या प्रेसवर काम करायचे. नागसेन दुसऱ्या वर्षाला असताना त्यांची कंबर गेली. धड उठता येईना, आणि गैरहजर राहिलं की ठेकेदार नाव कापणार. बाप-लेकाची चण एकच, गेटपासवरचा फोटो पुसटलेला. ठेकेदाराला माणसाशी काम, नावाशी नाही. तेव्हापासून साहेबराव ओव्हाळ या नावानं थर्ड शिफ्टला, म्हणजे रातपाळीला, नागसेन जात होता आणि सकाळी तिथून थेट वर्गात येऊन बसत होता.

आणि कंपनी तीच. मुलाखत घ्यायला आले होते तेही त्याच कंपनीचे साहेब! त्यांचा प्रेस आदल्या पाळीत चालवून आलेला माणूस त्यांच्यासमोर बसला होता आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर बापाचं काम त्याच दिवशी गेलं असतं. माझं तोंड कुणी उलटं करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्या दिवशी साहेबरावांनी पलंगावरून विचारलं, “काय झालं रे?”

“पुढच्या वेळी बघू म्हणाले,” नागसेन म्हणाला आणि मला ट्रंकेत तळाशी घालून वर रजई ठेवली.

तो पहिल्या वर्गात पास झाला. पुढची वेळ काही आली नाही. घर त्या पगारावर चालायचं, म्हणून तो बापाच्या नावानंच जात राहिला. चार वर्षांनी साहेबराव वारले, तेव्हा तो दुसरीकडे अर्ज करू लागला. तिथे विचारायचे, “पास होऊन चार वर्षं झाली, अनुभव काय?” अनुभव सहा वर्षांचा होता, पण कागदावर तो साहेबरावांचा होता. मेलेल्या माणसाचा अनुभव जिवंत माणसाला कोण लावून देणार? नागसेन सगळीकडे फ्रेशर ठरला, आणि तोही उशिरा आलेला. शेवटी त्याच ठेकेदाराकडे तो स्वतःच्या नावानं लागला, त्याच प्रेसवर आणि थर्डलाच. ती पाळी दुसरं कुणी घेत नाही.

मधल्या काळात माझे हाल झाले, ते काय सांगायचे! ट्रंकेतून निघाले ती पाण्याच्या पिंपाच्या डगमगत्या तिवईखाली गेले. नंतर त्याची आई कस्तुराबाई मला दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवायची. माझी तक्रार नव्हती. दुधावर पालथं पडलं की कुणी आपल्याला वाचत नाही.

तीन वर्षांपूर्वी इथे खोली बदलली. गल्ली वाहती, दिवसभर कुणी ना कुणी कडी वाजवायचं. सकाळी येऊन अंग टाकलेला माणूस तासाभरात दचकून उठायचा. एकदा नागसेननं पातेल्यावरून मला उचललं, राखेनं घासलं आणि दोन स्क्रू मारून दारावर बसवलं. कस्तुराबाई म्हणाली, “लोक हसतील की रे.”

“हसू दे ना आई. हसत हसत परत जातात.”

आणि खरंच, लोक कडीला लावलेला हात मागे घेऊ लागले. गल्लीतली पोरं खेळताना एकमेकांना गप्प करतात, “ए, डायरेक्टर झोपलाय!” माझ्यामुळे त्याला दीड-दोन तास जास्त झोप मिळते. मी केलेल्या नुकसानीपुढे हे काहीच नाही, पण माझ्यानं जे होतं ते मी करते.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. कस्तुराबाई उंबऱ्याबाहेर मेथी निवडत बसली होती. एक बाई गल्लीत पत्ता विचारत आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली. दारासमोर आली, मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. ती श्रद्धा होती. तिनं ठोकलेला एकेक ठिपका मला आठवला.

“कोण पाहिजे, बाई?” कस्तुराबाईनं विचारलं.

“मी श्रद्धा, काकू. नागसेनची कॉलेजातली. आहे का तो?”

“हाय की. थर्ड करून आलंय लेकरू, आत्ताच डोळा लागलाय. उठवू का?”

“नको नको, मी थांबते.” ती बाजूच्या पायरीवर बसली. रविवारी सगळे ठरल्याप्रमाणे जमले होते, नागसेन आला नाही, म्हणून सोपानराव सरांकडून पत्ता काढून आले, असं तिनं सांगितलं. कस्तुराबाईनं सगळ्यांची चौकशी केली तेव्हा ती हसत सांगू लागली. गणराज मोशीला फ्लॅट विकतो आणि गिऱ्हाइकांना उद्या या म्हणतो. वर्षालीचे पिंपळे गुरवला क्लास आहेत, नोट्स अजून झेरॉक्सच. ज्ञानेशचं जुळलं, चांगलं दोनदा जुळलं.

“आणि तू गं?”

“मी चाकणची कंपनी सोडून दुसरीकडे गेले, तिथे प्लँट हेड झाले, काकू. गेल्या महिन्यात. नागसेननंच लिहिलं होतं तसं.”

“बरं झालं, बाई. लई बरं झालं.” कस्तुराबाईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. “ह्याचंबी झालं असतं. पर कॉलेजात असल्यापासून ही रातपाळी मागं लागली, ती सुटंना.”

श्रद्धा हसायची थांबली. “कॉलेजात असल्यापासून?”

“मंग? बापाच्या कार्डावर जायाचा ना त्यो. सकाळी तसाच कालेजात. जेवायलाबी घरी यायचा न्हाई.”

श्रद्धा उठली आणि माझ्यावरून बोटं फिरवू लागली, खालच्या ओळीवरून, ठिपक्या-ठिपक्यावरून. रडत होती. “काकू, स्क्रू-ड्रायव्हर आहे का? ही मी काढते. मी नवी करून आणते.”

“आगं नको, तिच्या जिवावर तर झोपतंय लेकरू.”

बारा वाजले. तिचा फोन दोनदा वाजला, तिनं तो बंद करून टाकला. शेजारणीकडून चहा आला, उन्हं पायरीवर आली, ती सरकून सावलीत बसली. साडेबाराला कडी निघाली आणि नागसेन डोळे चोळत दारात आला. केस विस्कटलेले, कानांमागे अजून प्रेसचं तेल. “श्रद्धा? अगं, कधी आलीस? उठवायचं ना!”

“पाटी वाचली,” ती म्हणाली. “साहेब झोपेतून उठल्यावर.” आणि तिनं डोळे पुसले.

तो एकदम ओशाळला, तिच्यापेक्षा जास्त. “रडतेस काय, राव? बस ना. जेवून जा.”

“नागसेन, खरं सांग. त्या मुलाखतीला ते साहेब ही पाटी आत घेऊन गेले होते. ह्याच्यावरून काही विचारलं का तुला?”

मी श्वास रोखला असता, मला श्वास असता तर. दहा वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. आता तो सांगेल, ही रडेल, हा मोकळा होईल आणि माझंही ओझं उतरेल.

नागसेननं माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या दिवशीसारखंच. “छे गं,” तो म्हणाला. “टेबलावर पालथी पडली होती ती. मला प्रेसच्या पंच आणि डायमधल्या फटीचं गणित घातलं, ते सुटलं नाही. मग काय करतील ते?”

श्रद्धानं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती फट तो आता नुसत्या हातानं चाचपून सांगतो, हे तिला कुठून ठाऊक असणार! ती भाजी-भाकरी खाऊन गेली. जाताना म्हणाली, “तुझा अर्ज पाठव. अनुभव नीट लिही.”

“फ्रेशर लिहू का?” असं म्हणून तो हसला, आणि तीही रडता रडता हसली.

अर्ज अजून गेलेला नाही. काल त्यानं कागद काढला होता, आठ-दहा मिनिटं बघत बसला आणि घडी घालून ठेवला. मग दाराशी आला, माझा ढिला झालेला स्क्रू घट्ट केला आणि आत जाऊन आडवा झाला.

त्या खोलीत टेबलावर मी पालथी नव्हते, हे त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे. आता तुम्हालाही कळलं. श्रद्धा भेटली तर तिला सांगू नका, त्यानं ते दहा वर्षं सांभाळलंय. आणि कधी दुपारच्या आत या गल्लीत आलात तर मला वाचा, खुशाल हसा, पण कडी तेवढी वाजवू नका.