मी बिघडले नव्हते!

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. खिशात मावेन एवढी, पण माझ्या पोटात अख्खा वाद्यवृंद आहे. तरीही गेल्या महिन्यात मला भंगारात काढायला निघाले होते. का, ते ऐका आणि तुम्हीच न्याय करा.

मला भरलं ते ताईने. ताई ध्वनिमुद्रण करते. खोलीचा पंखा बंद करून, भिंतींना जाड सतरंज्या लावून तिने एकेका वादकाला समोर बसवलं. एकच सूर हळू, मग मध्यम, मग जोरात. आणि हे प्रत्येक चार-चार वेळा. म्हणजे एका सुराच्या बारा फायली झाल्या. वादक घामाघूम व्हायचे, पण कुणी कुरकुर केली नाही. सात वर्षं मी ते सूर जिवापाड जपले.

मग ताईने मला तिच्या वहिनीला दिलं. वहिनी औषधांच्या दुकानात काम करते आणि नुकतंच कॉम्प्युटरवर संगीत करायला शिकते आहे. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका मंडळाने तिच्याकडे संगीत मागितलं होतं. तिचं पहिलंच काम! ताईने मला जोडलं, सॉफ्टवेअरला माझ्यातल्या फोल्डरांचा पत्ता दाखवला आणि म्हणाली, "आधी चारच वाद्यं घे. सगळा वाद्यवृंद एकदम उघडलास तर कॉम्प्युटरचा जीव जाईल. आणि या फोल्डरांची नावं बदलायची नाहीत हं, नाहीतर सॉफ्टवेअरला ती सापडणार नाहीत."

वहिनीने व्हायोलिनचा पहिला सूर वाजवला आणि तिच्या अंगावर काटा आला. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण वहिनीचा नवरा, म्हणजे ताईचा भाऊ, कपाटं बसवण्याचं काम करतो. पसारा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. एका दुपारी वहिनी दुकानात असताना त्याने मला उघडलं. "एकाच सुराच्या बारा बारा फायली! काय हा कचरा!" असं म्हणून त्याने प्रत्येक सुराची एकच फाइल ठेवली, बाकीच्या कायमच्या पुसल्या. बऱ्याचशा फोल्डरांना नवी नावं दिली: 'घासायची', 'फुंकायची', 'बडवायची'. वर स्वतःवरच खूश! बायकोला तो सांगायचंही विसरला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं आली: फायली सापडत नाहीत. ज्या सापडल्या, त्यांतून तोच तो एकसारखा आवाज येऊन व्हायोलिन टाइपरायटरसारखं खडखडलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. त्याने मला जोडूनही पाहिलं नाही. "किती जुनी? सात वर्षं? मग गेलीच ही. टाकून द्या."

गेली म्हणे! मित्रांनो, माझा एक कणही बिघडला नव्हता. तरी मला तुटक्या चार्जरांच्या खोक्यात टाकलं. त्याहून वाईट म्हणजे वहिनीने ताईला फोन केला, "ताई, मला नाही जमायचं हे. मंडळाला नाही म्हणून कळवते." जिची काही चूक नव्हती ती स्वतःला दोष देत होती, आणि ज्याने केलं तो शेजारी बसून चहा पीत होता!

ताई तडक घरी आली. तिने मला खोक्यातून काढून जोडलं. 'बडवायची' हे नाव वाचून आधी ती हसली. मग फोल्डर उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

"मी जरा आवरलं," भाऊ म्हणाला. "सगळ्या सारख्याच तर होत्या!"

"सारख्या? टेबलावर दहा वेळा टकटक कर बघू. अगदी सारखी."

त्याने केली. चौथ्या टकटकीलाच तो थांबला. दोन आवाज काही जुळेनात.

"माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही," ताई म्हणाली. "म्हणून त्या लोकांनी बारा बारा वेळा वाजवलं. तू त्यांची मेहनत कचरा म्हणून फेकलीस."

भाऊ खाली मान घालून बायकोला म्हणाला, "चुकलं माझं. तू नाही म्हणून कळवू नकोस."

ताईकडे दुसरी प्रत होती म्हणून निभावलं. सगळं पुन्हा भरायला सहा तास लागले. वहिनीने संगीत पुरं केलं, खेळ झाला, आणि शेवटी मंडळाने तिला बाहुल्यांच्या शेजारी उभं केलं.

भावाने बायकोची माफी मागितली, ताईचीही मागितली. माझी कुणीच मागितली नाही. दुरुस्तीवाला तर अजूनही लोकांना न बघताच निकाल देत फिरतो!

म्हणून मित्रांनो, एवढंच ऐका. एखादी वस्तू चालेनाशी झाली, तर तिच्यावर खापर फोडण्याआधी घरात एकदा विचारा: काल हिला हात कुणी लावला होता?