श्वास सोडायचा राहिला

दोरीवर वाळत घातलेल्या चादरीला कात्रीने भोक पाडून काकांनी त्यातून कॅमेऱ्याचं नाक बाहेर काढलं, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

"अहो, ती नवी चादर होती!"

"गप्प पड गं. येईल आता तो."

तो म्हणजे दयाळ पक्षी. परसातल्या गळक्या नळावर रोज सकाळी पाणी प्यायला यायचा आणि शीळ घालून जायचा. काकूंच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, श्वास पुरत नव्हता, आणि पलंगावरून नळ काही दिसत नव्हता. "महिनाभर नुसती शीळ ऐकतेय. मेला दिसतो कसा, ते एकदा दाखवा," एवढंच त्यांचं मागणं.

आजची शेवटची संधी. थोड्या वेळात मुलगी गाडी घेऊन येणार होती, काकूंना इस्पितळात हलवायला. परत कधी आणायचं, याबद्दल डॉक्टर काहीच बोलले नव्हते. कॅमेरा मुलीचाच. आठवडाभर फोनवरून तिची शिकवणी चालली होती. बाबा, खाली बसा. बाबा, हलू नका. इतकं करून काकांच्या पदरात पडले होते ते नळाचे ढीगभर फोटो.

काकांनी जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढले. "श्वास घ्या... रोखा... सोडा," हे म्हणून म्हणून त्यांचं नावच श्वासकाका पडलं होतं. हललेला एक्स-रे त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. "हललाय, परत काढू," म्हणायचे.

पंख फडफडले. दयाळ नळावर बसला, शेपटी ताठ उभारून. बोट बटणावर गेलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "श्वास घ्या... रोखा."

दयाळ उडाला नाही. काका थांबले. अजून जरा इकडे वळू दे, अजून जरा. परस शांत झालं. फारच शांत. आतली महिनाभराची घरघर ऐकू येत नव्हती.

आपण 'सोडा' म्हणालोच नाही.

"अगं, सोड! श्वास सोड!" उठताना बटण दाबलं गेलं, चादर दोरीसकट खाली आली, पक्षी पसार झाला. काकांनी वळूनही पाहिलं नाही.

काकू ओठ घट्ट मिटून, लालबुंद होऊन दाराकडे डोळे लावून होत्या. त्यांनी श्वास सोडला आणि मग बराच वेळ खोकत राहिल्या. काका पाठ चोळत होते. त्यांना रडू फुटलं होतं.

"वेडी आहेस का? तुला कोण म्हणालं होतं?"

"तुम्हीच की! म्हटलं, माझ्या धापेनं उडायला नको." काकूंनी हात पुढे केला. "दाखवा."

फोटोत तिरका नळ होता आणि त्याच्यावर एक काळा-पांढरा फराटा. काकूंनी तो पुष्कळ वेळ पाहिला.

"हललाय," त्या म्हणाल्या.

बाहेर गाडी थांबली. काकांनी कॅमेरा बंद केला.

"परत काढू म्हणा की."

"परत काढू," काका म्हणाले आणि काकूंच्या चपला शोधायला पलंगाखाली वाकले.